तारीख सांगा, मग दोन दिवस आधी या

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की परदेशात राहणारी मुलं न कळवता घरी येऊन आईवडिलांना चकित करतात, त्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. वाचायला मजा आली, खोटं कशाला बोलू! पण सगळी हकिगत येणाऱ्यांच्या तोंडची होती. तिकीट कसं लपवलं, बहिणीला कटात कसं ओढलं, बॅगेसकट जिन्यात किती वेळ दबा धरून बसलो, वगैरे. ज्यांच्या दाराची बेल वाजली त्यांना कुणी काही विचारलेलं दिसलं नाही. मी त्या बाजूची आहे. रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमचा मुलगा परदेशात असतो आणि तोही एकदा असाच येऊन उभा राहिला होता.

आश्चर्याचा तो क्षण मिनिटभराचा असतो. त्याच्याआधी जे चालतं ते आठवडेच्या आठवडे चालतं. रोज व्हिडिओ कॉल करणारा मुलगा एकाएकी नुसता आवाजी फोन करायला लागला. कॅमेरा लाव म्हटलं की नेटवर्क नाही. सुट्टीत काय करणार विचारलं की ‘बघू’. वॉर्डात आजार लपवणारे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘काही नाही, बरं आहे’ म्हणतात. हा अगदी तसाच बोलत होता. त्याची नोकरी गेली असावी असं ह्यांनी ठरवून टाकलं. माझ्या मनात आलं ते मी ह्यांनाही सांगितलं नाही.

मग एके दिवशी मेसेजला एकच टिक. सकाळी एक, दुपारी एक, रात्रीही एकच. फोन बंद. त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्राला फोन लावला, तर तो चाचरत म्हणाला, “काकू, तो... बाहेर गेलाय.” कुठे, कुणाबरोबर, कधी येणार, काहीच नाही. तो बिचारा कटात सामील होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. लांबच्या पल्ल्याचं विमान, मध्ये एक विमान बदलणं, आणि विमानातलं इंटरनेट त्याने मुद्दाम घेतलं नव्हतं, कारण आम्हाला ‘ऑनलाइन’ दिसलं असतं! त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांना झोपल्याचं सोंग करून दाखवत होतो.

बेल वाजली ती पहाटे, अंधारात. परदेशातून येणारी विमानं तशीही अडनिड्या वेळी उतरतात. त्याच आठवड्यात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीने लावलेली, दुसऱ्या डोळ्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि हे दिवा न लावता माझ्याआधी दाराकडे धावले. टेबलाचा कोपरा मांडीत घुसला. तरी दार त्यांनीच उघडलं. समोर चिरंजीव, हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. त्या व्हिडिओत पहिल्यांदा दिसतो तो वाटी लावलेला बाप, मग कॅमेरा झुकतो आणि नुसती फरशी दिसते. मागून आवाज येतो, “बाबा, हे काय झालं?”

ऑपरेशनचं आम्ही त्याला कळवलं नव्हतं. कळवून तिथे बसून तो काय करणार होता? दर चार तासांनी डोळ्यांत थेंब घालायला मी होतेच. (हीसुद्धा लपवाछपवीच, असं मुलगा म्हणतो. त्याचं म्हणणं मला पटलेलं नाही.)

आनंद झाला नाही असं मी म्हणत नाही. दारात रडले, हसले, दोन्ही केलं. पण नोकरीची सवय जात नाही, म्हणून दोन गोष्टी सांगते. आनंदाच्या धक्क्यानेही हृदयाला त्रास होऊ शकतो. ‘टाकोत्सुबो’ नावाचा एक विकार आहे. मनावर एकदम आघात झाला की हृदयाचा डावा कप्पा फुगतो, नीट आकुंचन पावत नाही. छातीत दुखतं, ईसीजी हार्ट अ‍ॅटॅकसारखा दिसतो, पण रक्तवाहिन्या तपासाव्यात तर त्यांत तसा अडथळा सापडत नाही. हा त्रास बहुतेक करून पाळी गेलेल्या बायकांना होतो. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या संशोधकांनी 2016 मध्ये अशा रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भावनिक कारण स्पष्ट असलेल्या 485 रुग्णांपैकी 20 जणांचं कारण आनंदाचं होतं. म्हणजे प्रकार विरळा आहे, आणि योग्य उपचार मिळाले तर बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही.

मला हृदयापेक्षा खुब्याच्या हाडाची भीती जास्त वाटते. वय झालेलं माणूस गाढ झोपेतून एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात दिवा लावलेला नाही, पायात नीट चप्पल नाही, आणि बेल वाजतेच आहे. म्हातारपणी खुबा मोडलेली माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालताना मी फार थोडी पाहिली. तेव्हा बाळांनो, यायचं तर उजेडी या. पहाटे उतरलात तर विमानतळावर थोडा वेळ काढा, आणि बेल वाजवण्याआधी खालून एक फोन करा. घरातल्या एका तरी धडधाकट माणसाला आधी ठाऊक असू द्या. आणि कॅमेरा बॅगेत ठेवा. आपली आई विस्कटलेल्या केसांनी, जुन्या गाऊनमध्ये, रडवेल्या तोंडाने नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरावी का, हे तिला विचारायला नको?

तरी माझी खरी तक्रार यातली कुठलीच नाही. माझी तक्रार आहे ती वाट बघण्याविषयी. नेदरलँड्समध्ये 1530 लोकांना, त्यांत सुट्टीत प्रवासाला जाणारे आणि घरीच राहणारे असे दोन्ही होते, ते किती आनंदात आहेत हे सुट्टीच्या आधी आणि नंतर विचारलं होतं. तो अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. जे जाणार होते ते घरीच राहणाऱ्यांपेक्षा जाण्याच्या आधी जास्त खुशीत होते. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नाही. सुट्टीचं सुख असं आधीच खाऊन झालेलं असतं. आता बघा, न सांगता येणाऱ्या मुलाला ते सुख पुरेपूर मिळतं. तिकीट काढल्यापासून तो मनातल्या मनात दार उघडत असतो. आमच्या वाट्याचं तेच सुख मात्र त्याने काढून घेतलेलं असतं. खोली आवरणं, गादीला ऊन दाखवणं, कॅलेंडरवर खुणा करणं, येईल त्याला ‘अमुक तारखेला येतोय’ म्हणून सांगत सुटणं, या सगळ्याला आम्ही मुकतो. वर हातात पडतं ते पेंगुळलेलं पोर! पूर्वेकडे प्रवास केला की शरीराचं घड्याळ जुळायला जास्त दिवस लागतात. आमचा मुलगा आल्यावर पहिले काही दिवस दुपारी घोरत होता आणि रात्री दोनला टक्क जागा. आधी कळलं असतं तर ऑपरेशनची तारीखच पुढे ढकलली असती आणि ते जागरणही मजेत केलं असतं.

न सांगण्यामागे कधी कधी चांगलं कारण असतं, हे मला मान्य आहे. रजा मंजूर होईल की नाही, व्हिसाचं काम वेळेत होईल की नाही, विमान रद्द झालं तर काय. उगाच आशा लावून मग आईवडिलांना हिरमुसलेलं बघवत नाही. पण आमची पिढी हिरमुसायला सरावलेली आहे. येणार म्हणून आला नाही, तर आम्ही पुढची तारीख धरतो.

आणि चकित करायची हौसच असेल, तर तीही भागते. तारीख सांगा आणि दोन दिवस आधी या. आमचं वाट बघणं झालेलं असतं, तुमचं गुपितही शाबूत राहतं, आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे खोटं बोलावं लागत नाही. मुलाला हे मी सविस्तर सांगितलं आहे. यंदा त्याने रीतसर तारीख कळवली आहे, आणि ह्यांनी त्याच्या आदल्या दोन दिवसांत कुठेही बाहेर जायचं नाही असं ठरवून टाकलं आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका