तक्रार: ‘तपासून दिलेल्या’ वापरलेल्या सेडानचा सीव्हीटी गिअरबॉक्स

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गिअरबॉक्समधील दोष आणि ताबा देण्यापूर्वी पुसलेले कोड (गाडीच्या संगणकात नोंदले जाणारे बिघाडाचे क्रमांक)

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या सेडानमध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी स्टीलचा बेल्ट आणि पुलींवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तपासणी अहवालात त्याच्यासमोर ‘ठीक’ अशी खूण आहे. ती खूण खोटी आहे.

ताशी 20 ते 60 किमीच्या दरम्यान, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना गाडी थरथरते. त्याच वेळी आरपीएमचा काटा खाली-वर होतो. पाय उचलला की थरथर थांबते. आपल्या वर्कशॉपने इंजिन माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांकडे बोट दाखवले. माउंटिंग गेले असते तर ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभी असतानाही गाडी हादरली असती. तशी ती हादरत नाही. मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणे) म्हणावा, तर स्कॅनरवर चारही सिलिंडरचा मिसफायरचा आकडा शून्य आहे. उरतात बेल्ट आणि पुली. ऑइलचा दाब कमी पडला की स्टीलचा बेल्ट पुलीवर घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि निघालेला चुरा वॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागात) जाऊन सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) अडकवतो. मग दाब आणखी घटतो.

स्कॅनरवर पी0776 हा कोड आला आहे, म्हणजे प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड ‘बी’ची तक्रार. त्याहून गंभीर बाब पुढची. कोड पुसल्यापासून गाडी किती धावली, याची नोंद ईसीयूमध्ये (गाडीच्या संगणकात) राहते. हा आकडा आजच्या ओडोमीटरमधून वजा केला की नेमके ताबापावतीवरचे किलोमीटर येतात, म्हणजे कोड ताबा देण्याच्या सुमारासच पुसले गेले. बॅटरी काढल्यानेही ही नोंद शून्यावर जाऊ शकते. तसे झाले असेल तर त्या कामाचे जॉब कार्ड दाखवावे. नसेल, तर कोड कोणी आणि का पुसले याचे लेखी उत्तर हवे.

‘ऑइल बदलून बघू’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. ड्रेन बोल्टमधून सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा ऑइलने भरलेला भाग) आणि कूलरमध्ये राहते. नव्या ऑइलने थरथर काही काळ दबेल, तेवढ्यात वॉरंटी संपेल. शिवाय सीव्हीटीच्या ऑइलऐवजी साधे एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) पडले तर बेल्टची पकडच जाईल.

आधी गिअरबॉक्सचा ऑइल पॅन माझ्यासमोर उघडावा आणि आतले चुंबक पाहावे. त्यावर काजळीसारखा मऊ राखाडी थर असेल तर ती नेहमीची झीज. अशा वेळी दाब मोजून वॉल्व्ह बॉडी बदलणे पुरेसे ठरू शकते. बोटाला टोचणारे चकचकीत कण सापडले, तर पुली आणि बेल्ट खराब झाले आहेत. मग पूर्ण गिअरबॉक्सच बदलावा लागेल आणि त्याबरोबर कूलरही बदलावा किंवा नीट धुवावा, नाहीतर जुना चुरा नव्या गिअरबॉक्समध्ये जाईल. ऑइलची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच तपासावी आणि ते तापमान जॉब कार्डवर लिहावे.

विक्रीपूर्वीच्या स्कॅनची प्रिंट आणि गिअरबॉक्स ऑइल शेवटचे कधी, किती किलोमीटरला बदलले याची नोंद मला द्यावी. ‘हे ऑइल लाइफटाइम आहे’ असे सांगून ही नोंद टाळली गेली. दाट रहदारीत चालणाऱ्या सीव्हीटीला हे विधान लावणे धोक्याचे आहे, आणि आपल्या तंत्रज्ञांना हे ठाऊक असायला हवे.

दुरुस्ती पूर्ण होईपर्यंतचा काळ वॉरंटीतून वगळावा आणि तसे 15 दिवसांत लेखी कळवावे. तसे न झाल्यास मी गाडी परत करून पूर्ण रक्कम मागेन.

आपला,
ग्राहक

सोबत: तपासणी अहवाल व ताबापावतीची प्रत, स्कॅनरच्या पडद्याची छायाचित्रे