ताऱ्यांपेक्षा पीएफची तारीख बघा

संपादक महोदय,

आपल्या नोकरीविषयक पुरवणीत हल्ली कंपनीच्या नावाशेजारी 'अँबिशनबॉक्स' नाहीतर 'ग्लासडोअर' या, कर्मचारी आपल्या कंपनीला तारे आणि अभिप्राय देतात अशा संकेतस्थळांवरचे रेटिंग छापलेले असते. भोसरी एमआयडीसीत कार्मिक विभागात माझी उभी हयात गेली, त्यामुळे हे आकडे वाचताना जरा हसू येते.

माझ्या सुनेच्या आधीच्या कंपनीत रुजू होण्याच्या दिवशीच एचआरने पडद्यावर क्यूआर कोड लावला. अभिप्राय टाकून स्क्रीनशॉट दाखवेल त्याला बॅग आणि पाण्याची बाटली! ज्यांनी कँटीनचा चहाही चाखला नव्हता, त्यांनी 'वर्क-लाइफ बॅलन्स'ला पाच तारे दिले. हे खूळ आपल्याकडचेच नाही. २०१९ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ग्लासडोअर तपासले, तेव्हा चारशेहून अधिक कंपन्यांच्या नावावर एखाद्याच महिन्यात अभिप्रायांचा पूर आलेला आढळला.

कडू लिहिणाऱ्याला मात्र धास्ती. न्यूझीलंडची खेळणी बनवणारी 'झुरू' कंपनी निनावी टीकाकारांची ओळख मागत न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने ग्लासडोअरला ती माहिती द्यायला सांगितले. आपल्याकडे कोर्टापर्यंत जावेच लागत नाही. नोकरी सोडताना रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) अडकलेले असते, तेव्हा माणूस 'चांगली कंपनी, शिकायला मिळते' एवढे लिहून मोकळा होतो.

म्हणून ओळखीच्या मुलांना मी सांगतो, तारे सोडा आणि मोघम शिव्याही सोडा. पगाराची तारीख, पीएफ, नोटीस पिरियड याबद्दल कुणी नेमके लिहिले असेल तेवढेच वाचा. पीएफची तक्रार तर घरबसल्या पडताळता येते. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधले की कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे कुणालाही दिसते. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. दोनशे माणसे असल्याचे सांगणारी कंपनी चाळीस जणांचाच पीएफ भरत असेल, तर मुलाखतीत विचारायला प्रश्न मिळाला. (काहींना नियमाने वगळता येते, पण तेही कंपनीच्या तोंडून ऐकावे.)

पुरवणीत रेटिंग छापायचेच असेल, तर ते किती जणांच्या अभिप्रायांवरून आणि कोणत्या महिन्यांतले, हेही छापावे. जागा पुरत नसेल तर तारे काढावेत.

– एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड