नियम घडविणारा खेळाडू

महोदय,

बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा लॉन बोल्स हे नाव आपल्याकडे अनेकांनी प्रथमच ऐकले. त्या सामन्याविषयी भरपूर लिहून आले. हा खेळ नियमांत बसवणाऱ्या विल्यम वॉलेस मिचेल (१८०३–१८८४) या स्कॉटिश खेळाडूचा मात्र कुठे उल्लेख दिसला नाही.

किल्मार्नॉकच्या जुन्या हिरवळीवर हे गृहस्थ वयाच्या अकराव्या वर्षापासून खेळत, असे सांगतात. पुढे १८४८ मध्ये ग्लासगो येथे सुमारे दोनशे खेळाडूंची सभा भरली. राष्ट्रीय संघटना उभारण्याचा बेत तेव्हा फसला, परंतु गावोगावचे वेगवेगळे पायंडे मोडून सर्वांना एकच नियमावली लागू व्हावी, यासाठी तिचा मसुदा करण्याचे काम मिचेल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी चोख पार पाडले. १८६४ मध्ये त्यांनी या खेळाची मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली. स्कॉटिश बोलिंग असोसिएशन स्थापन झाली ती १८९२ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी.

या खेळातला चेंडू एका बाजूला किंचित झुकता घडवलेला असतो, त्यामुळे वेग मंदावताच तो वळत वळत ‘जॅक’ या लक्ष्य म्हणून ठेवलेल्या छोट्या चेंडूकडे सरकतो. कोणाचा चेंडू जॅकच्या अधिक जवळ, यावरून (आपल्या गोट्यांच्या डावासारखेच!) किती वाद होत असतील, याची कल्पना करावी. आपल्या क्रीडा पानावर मिचेल यांच्याविषयी सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे