लेबल खोक्यावरच राहू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जर्मन बनावटीच्या, पत्र्याच्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र खोक्यांवरची रंगीत लेबले सोडवून भिंतीवर लावावीत, ही त्यातील सूचना संग्राहक म्हणून मला मुळीच मान्य नाही.

लेबल खोक्यावर असते तोवर तो पुरावा असतो. न्युरेंबर्गच्या बिंग बंधू या खेळणी बनवणाऱ्या कारखान्याच्या मालावर 'जी.बी.एन.' (गेब्रुडर बिंग, न्युरेंबर्ग; म्हणजे बिंग बंधू) ही अक्षरे असतील तर तो साधारणपणे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतचा आणि 'बी.डब्ल्यू.' (बिंग वेर्के) असतील तर त्यानंतरचा, म्हणजे १९३२च्या सुमारास कारखाना बुडाला तोपर्यंतचा, असे धरता येते. 'डी.आर.जी.एम.' ही जर्मनीतील नमुना-नोंदणीची खूण तिथल्या १८९१च्या कायद्यानंतरची, त्यामुळे ती असलेले खोके त्याआधीचे असूच शकत नाही. झाकणाच्या कडेवर गाडीचा क्रमांक असेल, तर चित्र आणि आतले इंजिन यांचे नाते त्यावरूनच जुळते. लेबल सोडवले की हा दुवा तुटतो. चित्रात धूर ओकत सुटलेली एक्स्प्रेस आणि आत दोन डबे ओढणारे चावीचे इंजिन, हा विरोधाभासही मग दिसत नाही. (जाहिरातीतली अतिशयोक्ती तेव्हाही काही कमी नव्हती.)

शिवाय सुट्या लेबलांच्या बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. भिंगाखाली पाहिल्यास अस्सल जुन्या लेबलांवरचे शिळाछापाचे (लिथोग्राफीचे) ठिपके हाताने टिपल्यासारखे अनियमित दिसतात, तर आजच्या ऑफसेट छपाईत ते एकसारख्या जाळीत, फुलांच्या आकारात बसलेले असतात. रवि वर्मा छापखान्याची जुनी चित्रे जवळून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्याने हेच तंत्र जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या हाताखाली राबवले होते.

लेबल सुटू लागले असेल, तर चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये. खोके आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावे. आपल्या दमट हवेत जुन्या खळीवर कसर तुटून पडते.

यापुढे अशा लेखासोबत लेबलाचे नुसते कात्रण न छापता झाकण, कडा आणि तळ यांसह संपूर्ण खोक्याचे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली