तक्रार तुम्ही बंद केलीत, माडीवरचं नेट अजून बंदच आहे

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक तक्रार निवारण

विषय: माडीवरच्या ॲक्सेस पॉइंटला (वायफाय देणाऱ्या डब्याला) ३ जूनपासून इंटरनेट नसणे व खोटं कारण सांगून ओटीपी घेऊन तक्रार बंद करणे.

काल संध्याकाळी तुमच्या कॉल सेंटरशी सव्वीस मिनिटं बोललो आणि शेवटी फोन तिकडूनच कट झाला. हा सहावा फोन होता. सातवा करणार नाही. आता जे असेल ते लेखी.

आधी बिघाड सांगतो, कारण अकरा दिवसांत तुमच्यापैकी एकानेही तो शेवटपर्यंत ऐकून घेतलेला नाही.

घर साताऱ्यातल्या जुन्या पेठेतलं, दोन मजली. भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट जाड. खाली सोप्यात तुमचं फायबरचं मोडेम आहे. त्याचं वायफाय वर पोचत नाही म्हणून तुमच्याच माणसाने दोन वर्षांपूर्वी खालून वर लॅन केबल ओढली आणि माडीवर ॲक्सेस पॉइंट बसवला. त्याचं महिन्याला १०० रुपये वेगळं भाडं मी भरतो. २ जूनच्या रात्रीपर्यंत तो उत्तम चालला. ३ तारखेला सकाळी सून कामाला बसली, तर वायफायच्या पट्ट्या पूर्ण आणि खाली ‘इंटरनेट नाही’.

मी वीज मंडळात ३३ वर्षं नोकरी केली. लाइनमन म्हणून लागलो, शेवटी लाइनमनांवर देखरेख केली. फॉल्ट शोधायची रीत सगळीकडे एकच असते. लाइन मधे तोडायची आणि कुठली बाजू जिवंत आहे ते बघायचं. मोडेमवरचा फायबर जोडलेलं असल्याचा (पॉनचा) दिवा स्थिर हिरवा होता, सिग्नल तुटल्याचा (एलओएसचा) लाल दिवा लागलेला नव्हता. म्हणजे फायबर ठीक. वर जाऊन केबल ॲक्सेस पॉइंटमधून काढली आणि थेट लॅपटॉपला लावली. नेट आलं. म्हणजे मोडेम ठीक, केबल ठीक. मागे उरला फक्त तुमचा तो पांढरा डबा.

मग सुनेने डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकून त्याचं पान उघडलं. डबा चालू होऊन जेमतेम पाच तास झाल्याचं तिथे दिसत होतं. त्या रात्री आमच्या पेठेत वीज गेली नव्हती, हे मी खात्रीने सांगतो. फर्मवेअरचा, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, आकडाही बसवणाऱ्याने कागदावर लिहून दिलेल्या आकड्यापेक्षा वेगळा. आणि मोडच्या रकान्यात ‘राउटर’. बसवताना तो ‘ॲक्सेस पॉइंट’ ठेवला होता, तेही त्याच कागदावर आहे. म्हणजे रात्री तुम्ही अपडेट पाठवलं आणि त्याने आमची सेटिंग पुसली. दुसरं कारण असेल तर मला लेखी कळवा.

पुढे काय होतं हे तुमच्या इंजिनिअरांना माहीत असणारच. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये हा डबा नुसता पूल असतो, लॅपटॉप-मोबाइलना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम खालचं मोडेम करतं. राउटर झाला की तो स्वतः पत्ते वाटायला लागतो. त्यात तुमच्या दोन्ही यंत्रांचा मूळ पत्ता एकच आहे, १९२.१६८.१.१. खाली बसून हा पत्ता टाकला की मोडेमचं पान उघडतं, माडीवर टाकला की डब्याचं. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असतील तर पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे? केबल डब्याच्या वॅनच्या (बाहेरून नेट घेणाऱ्या) खाचेतून काढून लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) खाचेत घालूनही पाहिली. मग दोन्ही यंत्रं पत्ते वाटू लागली आणि खालचं चांगलं चाललेलं नेटही अडखळायला लागलं, म्हणून परत काढली. मोड बदलायचा तर स्टिकरवरचा चालत नाही, ॲडमिनचा वेगळा पासवर्ड लागतो आणि तो तुम्ही ग्राहकाला देत नाही. काम मिनिटाचं आहे, पण ते फक्त तुम्हीच करू शकता.

हे सगळं मी प्रत्येक फोनवर सांगायचा प्रयत्न केला. प्रत्येक फोनवर उत्तर एकच: ‘सर, मोडेम बंद करा, तीस सेकंद थांबा, परत चालू करा.’ सहा वेळा बंद केलं, सहा वेळा चालू केलं. एकदा पिनने डबा रीसेटही करायला लावला. त्याने मोड राउटरच राहिला, वायफायचं जुनं नाव आणि पासवर्ड मात्र गेला.

७ तारखेला तुमचा तंत्रज्ञ आला. माडीवर येईपर्यंतच त्याचं निदान झालं होतं. ‘काका, भिंती जाड आहेत, रेंज मरते. मेशचा, म्हणजे जागोजागी ठेवायच्या वायफायच्या डब्यांचा, सेट घ्या, साडेसहा हजारात बसवून देतो.’ मी त्याला टेबलाशी नेलं. डबा टेबलापासून चार फुटांवर, मधे भिंत नाही, पट्ट्या पूर्ण. रेंज नसणं वेगळं आणि नेट नसणं वेगळं. जाड भिंतींवरचा उपाय म्हणूनच तर हा डबा तुम्ही बसवलात आणि त्याचं भाडं घेता! तो ‘ऑफिसला विचारतो’ म्हणून गेला.

आणि आता १० तारखेचा फोन. हे पत्र खरं तर त्याच्यासाठी आहे.

सकाळी अकराच्या सुमारास तुमच्याकडून एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलली. म्हणाली, ‘सर, तुमची तक्रार आम्ही सीनिअर टीमकडे पाठवतोय. तुम्हाला एक ओटीपी येईल, तो सांगा, म्हणजे ती वरच्या लेव्हलला जाईल.’ मी विचारलं, ‘ओटीपी कशासाठी? माझं नेट अजून आलेलं नाही.’ ती म्हणाली, ‘हो सर, म्हणूनच. ओटीपीशिवाय पुढे पाठवता येत नाही.’ मी चष्मा लावला, मेसेज उघडला. इंग्रजीत लांबलचक मजकूर, त्यात चार आकडे. तिने घाई केली, ‘सर, वेळ संपतेय, फक्त आकडे वाचा.’ मी वाचले. ती ‘धन्यवाद सर, आपला दिवस शुभ जावो’ म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांत दुसरा मेसेज आला. सुनेला वाचायला दिला. ‘तुमची तक्रार तुमच्या संमतीने यशस्वीरीत्या सोडवली आहे.’

मी लगेच फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक जण आला. ‘सर, सिस्टीममध्ये तक्रार रिझॉल्व्ह दिसतेय.’ मी म्हटलं, नेट नाही. ‘पण सर, क्लोजरचा ओटीपी तुम्हीच दिलाय ना?’ मी म्हटलं, मला फसवून घेतला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘सर, मेसेज वाचल्याशिवाय ओटीपी कोणाला देऊ नये, एवढं तर आजकाल सगळ्यांनाच माहीत आहे.’

तुमच्याच कंपनीने माझ्याकडून ओटीपी काढून घेतला आणि तुमच्याच कंपनीने मला सांगितलं की ओटीपी कोणाला देऊ नये. मला त्या मुलाचा राग नाही, तो समोरच्या पडद्यावरचं वाचतो. ही पद्धत ज्याने बसवली त्याचा राग आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. नेट नव्हतं म्हणून नाही. चार आकडे वाचून मीच माझ्या तक्रारीच्या खाली सही केल्यासारखं झालं म्हणून.

मी काही वर्षं फ्यूज कॉलच्या टेबलावर बसलो आहे. रजिस्टरला तक्रार लिहायची, लाइनमन जायचा, घरात दिवा लागला की ग्राहकाची सही घेऊन यायचा. भर पावसात रात्री दोनला गेलेली माणसंही सही घेतल्याशिवाय परत येत नसत. अंधारातल्या घराची सही आणली असती तर त्याला नोकरीवर ठेवला नसता.

इकडे सून पुण्यातल्या ऑफिसचं काम घरून करते. अकरा दिवस ती जिन्याच्या सातव्या पायरीवर बसते, कारण तिथपर्यंत खालचं वायफाय येतं. सोप्यात माझ्या पत्नीचा पलंग आहे, ती आजारी असते, तिच्या उशाशी दिवसभर मीटिंग घेता येत नाही. मोबाइलला त्या दगडी घरात धड रेंज नाही. एका मीटिंगमध्ये तिचा आवाज तीनदा तुटला आणि साहेबाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुमच्याकडे नेट आहे की नाही?’ ती मला काही बोलली नाही. मला मुलाकडून कळलं.

तुमचं कनेक्शन आमच्या गल्लीत पहिलं मी घेतलं. माझ्या शब्दावर शेजारच्या चार घरांनी घेतलं. त्यांच्यासमोर मला आता मान खाली घालावी लागते.

मागणी अशी. ॲक्सेस पॉइंटचा मोड तुम्ही दुरून किंवा माणूस पाठवून बदला आणि पुढच्या अपडेटमध्ये तो पुसला जाणार नाही याची सोय करा. १० जूनला बंद केलेली तक्रार जुन्याच डॉकेट (तक्रार) क्रमांकाने पुन्हा उघडा, ती नेट न येता बंद केली होती अशी नोंद करा आणि ओटीपी कोणत्या कारणासाठी मागितला त्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. ३ जूनपासूनचं भाडं परत करा.

सात दिवसांत हे झालं नाही तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तुमच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाईन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो मला राहत्या जिल्ह्यात लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. बसवणीचा कागद, डब्याच्या पानाचे फोटो, दोन्ही मेसेज आणि सहा फोनच्या वेळा सोबत जोडल्या आहेत.

आणि पुन्हा मोडेम बंद करून चालू करायला सांगू नका.

माणूस येईल तेव्हा ओटीपी माडीवर मिळेल. सून तिच्या टेबलाशी बसेल, नेट लागेल, मेसेज ती मला पूर्ण वाचून दाखवेल, मग मी आकडे सांगेन.

आपला ग्राहक,
सातारा
(ग्राहक क्रमांक व डॉकेट क्रमांक सोबतच्या बिलावर)