तुझा तो रिजेक्ट झालेला जॉब

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. तुझ्या कारखान्यातल्या त्या रिजेक्ट झालेल्या जॉबचा, म्हणजे मशीनवर कापलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा, प्रश्न तू लिहिला होतास: एकाच जॉबची दोन मापं वेगळी का? तो शिक्षकांपुढे ठेवल्यावर काय होतं ते बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. परवा शिक्षकांची दुसरी तुकडी संपली, म्हणून आज बसलो.

आधी पहिल्या तुकडीचं सांगून टाकतो, म्हणजे एकदाची लाज सरेल. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना समस्याधारित अध्यापन (आधी प्रश्न, मग त्याला लागेल तो धडा) शिकवायचं, तेही थ्रीडी प्रिंटर आणि छोटी सीएनसी (संगणकाच्या हुकमानं कापणारं मशीन) समोर ठेवून, हे काम घेतलं तेव्हा वाटलं होतं की यंत्रंच नाकीनऊ आणतील. तसं काही झालं नाही. ज्यांनी जन्मात पाना हातात धरला नव्हता, ते दुसऱ्या दिवशी प्रिंटरचं फिलामेंट, म्हणजे प्लॅस्टिकची तार, बदलायला लागले. अवघड निघालं ते गप्प बसणं. तुझा प्रश्न मी फळ्यावर लिहिला. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. ती शांतता मला सोसवेना, आणि चौथ्याच मिनिटाला बोलून गेलो, "तापमानाचा काही संबंध असेल का?" झालं! सूत्र आलं, आकडे आले, उत्तर आलं, वर टाळ्याही. चार दिवस त्यांना सांगत होतो की उत्तर हातात देऊ नका, आणि त्यावर मीच पाणी फिरवलं.

दुसऱ्या तुकडीला तोंडाला कुलूप लावलं. प्रश्न तुझ्याच शब्दांत दिला. ॲल्युमिनियमचा २०० मिमी लांबीचा जॉब, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ±०.०५ मिमी. ऑपरेटरनं मशीनवरून उतरवल्या उतरवल्या मायक्रोमीटरनं (बारीक माप घ्यायचं हातातलं साधन) मोजला, बरोबर २०० भरला. दुसऱ्या दिवशी क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, तोच जॉब ०.०७ मिमीनं कमी. ऑपरेटर म्हणतो मी नीट मोजलाय, क्यूसीवाले म्हणतात आम्ही नीट मोजलाय. खरं कोण बोलतंय?

फळ्यावर तीन रकाने आखले: काय माहीत आहे, काय माहीत करून घ्यायला हवं, ते कसं मिळवणार. ही पद्धत मुळात डॉक्टरांची, हे तुला गमतीचं वाटेल. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं वैद्यकीय विद्यार्थ्यांना आधी विषय आणि मग रोगी हा क्रम उलटा केला. आधी रोग्याची तक्रार, मग त्यासाठी लागेल ते शरीरशास्त्र. तुझा जॉब हा आमचा रोगी.

तुकडीत भौतिकशास्त्राचे एक सर होते, वीसेक वर्षं शिकवणारे. त्यांनी पहिल्याच मिनिटाला निकाल दिला, ऑपरेटरची चूक. मग मायक्रोमीटरचा झीरो एरर, म्हणजे शून्यावरच आकडा चुकणं. तो तपासला, नव्हता. एका गटानं म्हटलं, वाइसमध्ये (जॉब पकडायच्या शिकंज्यात) आवळल्यामुळे जॉब दबला असेल आणि सोडल्यावर बदलला असेल. शंका चांगली होती, पण मोजलं तेव्हा जॉब वाइसमधून निघालेलाच होता. चाळीस मिनिटं गेली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, कारण यांच्याकडे बघितलं असतं तर पुन्हा बोलून गेलो असतो.

तेवढ्यात गणिताच्या एक मॅडम, ज्या तोवर फक्त लिहून घेत होत्या, म्हणाल्या, "पहिल्यांदा मोजला तेव्हा तो गरम होता का हो?"

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, दरवर्षी शिकवतो मी हे!"

ॲल्युमिनियमचा प्रसरणांक त्यांना तोंडपाठ: एक अंश तापमान वाढलं की लांबी दहा लाखांत २३ भागांनी वाढते. म्हणजे २०० मिमीत ०.०७ चा फरक पडायला तापमान साधारण १५ अंशांनी उतरायला हवं. तुला मधेच फोन आला होता ना, जॉब उतरवताना हाताला कितपत लागतो म्हणून? तो यासाठी. तू "कोमट, पस्तीसेक असेल" म्हणालास आणि इकडे एकच गलका झाला. पण गार म्हणजे किती गार, हे पुन्हा मॅडमनीच विचारलं. शोधाशोध केल्यावर सापडलं की लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरायचं, हे १९३१ मध्येच आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं होतं. तुमच्या क्यूसीची खोली गार का ठेवतात, ते या मंडळींना त्या दिवशी कळलं.

मी एवढंच विचारलं, "खात्री कशी करणार?" त्यांनी ॲल्युमिनियमचा एक दांडा गरम पाण्यात ठेवला आणि काढून मोजायला घेतला, तर आकडा हातात ठरेना. दांडा गार होत होता, आणि हाताच्या उबेनं मायक्रोमीटरही तापत होता. शेवटी एकानं घड्याळ धरलं, एकानं रुमालानं मायक्रोमीटर, आणि दर अर्ध्या मिनिटाला वाचन घेतलं. आलेख वेडावाकडा आला, पण त्या आलेखावर जितकं भांडण झालं तितकं मी कुठल्याच तासाला पाहिलं नाही.

नंतर मी सरांवर विचार करत बसलो. त्यांना येत नव्हतं असं नाही. पुस्तकात उदाहरणाच्या वर धड्याचं नाव असतं, तुझ्या जॉबवर ते नव्हतं, एवढाच फरक.

थ्रीडी प्रिंटरवर याहून लहान गंमत झाली. ८ मिमीचं भोक छापलं, ८ ची पिन जाईना. सगळ्यांनी प्लॅस्टिक आकसल्याचा दोष काढला, तो थोडा खराही आहे. पण फाइल उघडली तर वर्तुळ म्हणजे नुसता बारा बाजूंचा बहुभुज होता. कोपरे ८ च्या वर्तुळावर, पण समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ७.७३ मिमी! मॅडम त्या दिवशी भलत्याच खुशीत होत्या.

सगळं असं गोड नाही. नवख्यांना अगदी मोकळं सोडलं तर ते भरकटतात, हा आक्षेप २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी जोरात मांडला होता आणि मला तो बराचसा पटतो. म्हणून पहिला प्रश्न बोट धरून, दुसरा अर्धं बोट सोडून, मग तिसरा मोकळा, असं ठेवतो. चाळीस मिनिटांच्या तासात हे कसं बसवायचं, या प्रश्नावर मी तुकडीला एक प्रश्न दोन-तीन तासांत तोडायला सांगितलं. ते कुणाला फारसं पटलं नाही, मलाही नाही. गुण तिसऱ्या रकान्याला द्या म्हटलं, कसं शोधलं त्याला. त्यावर कुरकुर कमी झाली.

पुढची तुकडी पंधरा दिवसांनी. तेवढ्यात तुमच्याकडचा आणखी एखादा नडलेला जॉब पाठव. ड्रॉइंग पाठव, मापं पाठव, कोण कुणाला काय म्हणालं तेही लिही. फक्त शेवटी काय निघालं ते मला कळवू नकोस, मला पोटात राहत नाही.

तुझाच,
मी