माणदेशीच्या पहिल्या सभासद मावश्यांना

मावश्यांनो, सप्रेम नमस्कार.

माणदेशी महिला बँक उभी करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांचे आभार सगळेच मानतात, मानायलाच हवेत. हे पत्र मात्र तुम्हाला.

सातारा जिल्ह्यातल्या आपल्या म्हसवडला बायकांची बँक काढायची म्हणून तुम्ही अर्ज केलात आणि रिझर्व्ह बँकेनं तो फेटाळला. कारण काय, तर सभासद निरक्षर, अंगठेवाल्या. तुम्ही अक्षरं गिरवलीत आणि पुन्हा साहेबांपुढं उभ्या राहिलात. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं विचारलंत. वर आव्हान दिलंत, की कुठल्याही मुद्दलावरचं व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून करून दाखवावं! १९९७ साली बँक सुरू झाली.

माझं मिरची कांडप आहे, शिवाय आठवडी बाजारात सुकी मिरची आणि कांदा-लसूण मसाला विकते. पूर्वी बाजाराच्या दिवशी माल भरायला एक जण सकाळी नऊशे रुपये हातावर ठेवायचा आणि दिवेलागणीला हजार मोजून घ्यायचा. धंदा माझा, कमाई त्याची. तुमच्या बँकेनं बाजारातल्या बायकांसाठी कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलायचं आणि विक्री झाली की भरायचं कर्ज, दिलं तेव्हा कुठं हे थांबलं.

आता आम्ही गटातल्या बायका एकमेकींना जामीन आहोत आणि उन्हाळ्याआधी मिरचीही एकत्रच उचलतो, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. टेम्पोचं भाडं वाटून घेतो. पोतं फोडल्यावर मूठभर मिरची कानाशी नेऊन हलवायची. आत बी वाजलं तर वाळलेली, नाहीतर वजनासाठी पाणी मारलेली. एकटी होते तेव्हा ओली मिरची गपगुमान घ्यावी लागायची. दहा पोती घेणाऱ्या बायकांपुढं मात्र व्यापारी स्वतःच दुसरं पोतं उघडतो. भांडणंही होतात, देठं कुणी खुडायची यावरून तर दरवर्षी.

आणखी एक. घरात पासबुक दिसलं की नवरा पैसे मागतो, हे तुम्ही बँकेला सांगितलंत. कार्ड आल्यावर पिन नको म्हणालात. पिन चोरता येतो, अंगठा कुणाला चोरता येत नाही. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला, तोच शेवटी कुलूप झाला. एवढी अक्कल आम्हा शिकलेल्या पोरींना सुचली नसती.

यंदा मिरची घेऊन या कुणीतरी. कांडपाचे पैसे घेणार नाही. खोबरं, लसूण मात्र घरूनच भाजून आणा, आमच्याकडं सीझनला चूल रिकामी नसते.

तुमची,
माण तालुक्यातली एक कांडपवाली